चौगले सरांचं पावणं

भांडण सुरू करण्याआधी चौगले सर चष्मा काढतात, त्याची घडी घालतात आणि शर्टाच्या खिशात ठेवतात. समोर रिक्षावाला असो, कॉलेजचा संचालक असो, नाहीतर कॉम्प्युटर असो. कॉम्प्युटरशी भांडताना तर ते खुर्ची मागं सारून उभे राहतात आणि बाह्यासुद्धा दुमडतात. आमच्या पेपरच्या ऑफिसात हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता मॉनिटर उचलून आपटतोय.

"मी तुला इचारलं काय आणि तू सांगाय लागलाईस काय?" सर ओरडत होते. "म्हणं, आपला प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे! आरं, महत्त्वाचा हाय म्हणूनच इचारला न्हवं? व्हय का न्हाय, एवढंच बोल की!"

यंत्रानं त्यांची माफी मागितली. तीही अगदी शुद्ध, घरंदाज मराठीत. त्यावर सर आणखीच भडकले.

प्रा. डॉ. हिंदुराव चौगले कोल्हापुरातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात एमबीएच्या पोरांना शिकवतात. विषय काय, तर माध्यमं, तंत्रज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. त्यांचे इंग्रजी लेख परदेशात छापून येतात म्हणे. पण तोंड उघडलं की अस्सल गावाकडची भाषा, वर्गातसुद्धा. यंत्राला ते सहसा यंत्र म्हणत नाहीत, 'पावणं' म्हणतात. मी एकदा विचारलं, पावणं का? तर म्हणाले, "आवो इंगळे, दारात आलंय, पाणी दिलंय, बसवलंय. पण आजून त्येचा सोभाव कळंना. तवर पावणंच म्हणायचं."

इंगळे म्हणजे मी. इथल्याच एका दैनिकात उपसंपादक आहे आणि अठ्ठावीस वर्षं निधनवार्ता लिहितो. हसू येतंय? येऊ दे. आमच्या ऑफिसातल्या क्रीडावाल्यांनाही येतं. पण सकाळी पेपर हातात पडला की आधी पान पाच उघडतात, हे हसणारेसुद्धा. कोण गेलं, कुठलं होतं, रक्षाविसर्जन कधी, हे बघितल्याशिवाय या जिल्ह्यात कुणाच्या घशाखाली चहा उतरत नाही.

हे मी सांगतोय ते ठीक. पण चौगले सरांनी हे मोजून काढलं होतं! स्टॉपवॉच घेऊन हा गृहस्थ पहाटे दूध कट्ट्यावर जाऊन उभा राहायचा. तिथं म्हशीचं ताजं धारोष्ण दूध प्यायला पैलवान येतात, आणि पेला हातात घेऊन पेपर चाळतात. सर त्यांच्या मागं उभे राहून कुठल्या पानावर किती सेकंद नजर थांबते ते वहीत टिपायचे. एका पैलवानानं तर मागं वळून त्यांची कॉलरच धरली. सरांनी चष्मा काढला. पैलवानानं त्यांच्याकडं वरून खालपर्यंत बघितलं आणि दुसऱ्या पेल्याची ऑर्डर दिली, सरांसाठी. तेव्हापासून सर तिथं फुकट दूध पितात आणि टिपणं काढतात.

विद्यार्थ्यांचे हाल तर विचारूच नका. गेल्या वर्षी त्यांनी पोरांना सांगितलं, खेड्यात जा, पंधरा माणसांना विचारा, बातमी तुम्हाला कुठनं कळते. एका शहाण्यानं घरात बसून यंत्राकडनं सगळं लिहून घेतलं आणि बांधून आणून दिलं. त्यात काय, तर गगनबावड्याचे शेतकरी पाण्याच्या टंचाईनं हवालदिल झाले आहेत आणि हवामानाच्या बातम्या मोबाइलवर बघतात. गगनबावडा! जिथं जुलैमध्ये माणसाला वाळलेली चड्डी दिसत नाही! सरांनी त्या पोराला एसटीत घातलं, स्वतः शेजारी बसले, गगनबावड्याच्या स्टँडवर उतरवलं आणि छत्री काढून घेतली.

"बघ टंचाई," म्हणाले. "चांगली इस्कटून बघ."

इस्कटून म्हणजे उलगडून, फोड करून. हा त्यांचा आवडता शब्द. काहीही सांगा, सर म्हणणार, "जरा इस्कटून सांगा." 'बरं आहे' म्हटलं तरी इस्कटून सांगा. त्या पोराला नंतर तीन दिवस ताप आला आणि त्याच्या बापानं कॉलेजात येऊन दंगा केला. सरांनी बापालाही सांगितलं, "तुमी पोराला कसं वाढवलंय, जरा इस्कटून सांगता का?"

असा हा माणूस. लांबून बघायला गंमत वाटते. पण तो जेव्हा माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसला तेव्हा माझी गंमत संपली.

झालं असं, की आमच्या मालकांना यंत्राचं वेड लागलं. कुठंतरी ऐकून आले असतील. मला केबिनमध्ये बोलावलं. चौगले सर आधीच तिथं बसलेले. मालक म्हणाले, "इंगळे, निधनवार्ता म्हणजे तसा साचाच की. नाव, वय, गाव, मागं कोण. सर अभ्यास करून अहवाल देतील. जमतंय म्हणाले तर कॉलम यंत्राकडं. तुम्ही जाहिरातीकडं बसा. वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायला माणूस पाहिजेच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, अठ्ठावीस वर्षं मी या जिल्ह्यातल्या माणसांना शेवटचं पोचवून आलो, आणि आता कुठल्यातरी गल्लीतल्या भावी नगरसेवकाला 'आमचे काळीज' आणि 'वाघ' म्हणत बसू? निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना? आणि हे कोण ठरवणार, तर ज्यानं आयुष्यात एक बातमी लिहिली नाही असा प्राध्यापक!

"साचा आहे का, सर?" मी रागानंच विचारलं.

"तसं दिसतंय तर खरं," सर म्हणाले. "पण बसल्याशिवाय कसं कळणार?"

आणि बसले. दोन महिने. रोज दुपारी तीन वाजता हजर. वही, पेन आणि ते मेलं स्टॉपवॉच.

माझी कामाची पद्धत साधी आहे. गावोगावचे वार्ताहर मला मोबाइलवर मेसेज टाकतात. नाव, वय, घरचा नंबर. मी प्रत्येक घरी स्वतः फोन करतो. कुणी शिकवलं नाही, पहिल्या आठवड्यात एका जिवंत माणसाला मी पानावर मारलं होतं, तेव्हापासून करतो. नाव नीट विचारून घेतो, मागं कोण कोण ते विचारतो, विधी कधी ते विचारतो. मग माणसं बोलायला लागतात. कुणी आजारपण सांगतं, कुणी दवाखान्याला शिव्या देतं, कुणी नुसतंच रडतं. ठेवा आता फोन, असं कसं म्हणायचं?

सर प्रत्येक फोनला स्टॉपवॉच लावायचे.

"सात मिनिटं," एके दिवशी वहीत बघून म्हणाले. "त्यात कामाचं बोलणं पाऊण मिनिट. बाकीचं काय हुतं?"

"बाकीचं माणूस होतं!" मी ओरडलो.

"इस्कटून सांगा की."

मला सांगता येईना. खरंच येईना. अठ्ठावीस वर्षं लेखणी चालवणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचू नये? स्वतःचाच असा संताप आला की मी उठून खाली गेलो आणि दोन चहा प्यालो. वर आलो तर सर माझ्या खुर्चीत बसून पावण्याला विचारत होते, "सव्वासहा मिनिटं माणूस काय बोलतं रं, कुणी मेल्यावर?" पावण्यानं दहा मुद्दे काढून दिले होते. सरांनी चष्मा खिशात ठेवला होता.

दोन महिन्यांनी चाचणी ठरली. पंधरा दिवस यंत्र लिहिणार, मी नुसतं बघत बसणार. फोन नाही. वार्ताहराचा मेसेज आत, बातमी बाहेर. काय सांगू तुम्हाला, यंत्र झकास लिहायचं. माझ्यापेक्षा बरं. शुभांगी, जी आमची पानं लावते, ती खूश. तिला साडेसहालाच घरी जायला मिळायचं. मालक खूश. मी रोज सकाळी चष्मा पुसून पान पाच वाचायचो, एक तरी चूक सापडू दे रे देवा म्हणून. सापडायची नाही. मी जाहिरात विभागात जाऊन खुर्ची कुठली मिळणार तेही बघून आलो होतो. खिडकीला पाठ, पंखा लांब.

बाराव्या दिवशी मुरगूडचे बापूसाहेब नदाफ वारले.

आता आमच्याकडं बापूसाहेब हे नाव मराठ्यात असतं, जैनात असतं आणि मुसलमानातही असतं. पण नदाफ म्हटलं की जिल्ह्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, मुसलमान, कापूस पिंजणारे, गादीवाले. बापूसाहेबांचं मुरगुडात गाद्यांचं दुकान होतं. वार्ताहराच्या मेसेजमध्ये नाव, वय, धंदा आणि नंबर, एवढंच. यंत्रानं बातमी लिहिली, आणि शेवटी, जसं बाकीच्या शेकडो बातम्यांत असतं तसं, रक्षाविसर्जन घालून टाकलं. तिसरा दिवस धरला, सकाळी नऊची वेळ धरली, नदीचा घाटही धरला. ज्या माणसाचं दफन झालं, ज्याची तिसऱ्या दिवशी जियारत असते, कबरीवर जाऊन दुवा मागायची, त्याची राख आम्ही नदीत सोडून मोकळे झालो!

आणि वाचून कोण गेलं असेल? आमच्याकडचा एक पुढारी. पेपरात वाचून रोज चार रक्षाविसर्जनं गाठणारा. त्याच्या पोरांनी यादी काढली, हा गडी हार घेऊन नऊ वाजता घाटावर उभा. तिथं एक बाई धुणं धूत होती, बाकी चिटपाखरू नाही. अर्धा तास थांबला. मग त्यानं ऑफिसात फोन करून जे तोंड सोडलं ते मी इथं लिहीत नाही.

मला आधी आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. सापडली चूक! वाचला कॉलम! मी चक्क टेबलावर हात आपटला. आणि मग समोर बघितलं तर चौगले सर पायात चप्पल घालत होते.

"चला," म्हणाले.

"कुठं?"

"मुरगूडला. आनि कुठं?"

त्यांच्या जुन्या स्कूटरवरून गेलो. नदाफांच्या दारात चप्पल काढली आणि सरांचा हात चष्म्याकडं गेला. मी घाबरलो. म्हटलं, हा माणूस आता दुःखातल्या घरात भांडतोय की काय! मी त्यांचा शर्ट मागून धरला. पण ते नुसते दारातच उभे राहिले. आत पंधरावीस माणसं बसली होती.

"मी प्राध्यापक चौगले," सर म्हणाले. "पेपरात जे आलं ती चूक माझी हाय. पेपरवाल्यांची न्हाय, ह्या इंगळ्यांची तर न्हायच न्हाय. यंत्राचं नाव सांगून मला सुटता ईल, पण त्येला तिथं मीच बसवलंय. काय बोलायचं ते मला बोला."

बापूसाहेबांचा मुलगा दस्तगीर उठून पुढं आला. पन्नाशीचा, बापासारखाच गादीच्या धंद्यातला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बसा, सर. छापायची चूक हुतीया," तो म्हणाला. "शेजारपाजारच्यांनी बी हसून सोडून दिलं. पर फोन का न्हाई आला?"

आम्ही दोघं सतरंजीच्या कडेला टेकलो.

"गल्लीत कोण बी गेलं की तुमच्या पेपरातनं फोन येतोय. हे समद्यांना ठावं हाय. अब्बा आजारी हुते तवा म्हणायचे, माझा फोन येईल तवा त्यांना सांगा, मुरगुडातल्या निम्म्या पोरी माझी गादी घेऊन सासरी गेल्यात. तेवढं लिवा म्हणावं. मी दोन दिवस मोबाइल अंगावेगळा केला न्हाई. दफनाला सुदिक घिऊन गेलतो."

मी खाली सतरंजीकडं बघत बसलो. त्या घरात आम्हाला वर चहा दिला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, त्यात गाद्यांचं वाक्य मी स्वतःच्या हातानं घातलं. मालकांनी विचारलं, दुरुस्तीत गाद्या कशाला? मी म्हणालो, जाहिरात विभागात गेल्यावर विचारा मला.

सरांचा अहवाल आला. आम्हाला वाटलं होतं जाडजूड ग्रंथ येईल. एक पान होतं. यंत्रानं लिहावं, पण घरी फोन माणसानंच करावा, आणि त्या माणसाला वेळेचं बंधन घालू नये. मालकांनी मान्य केलं. जाहिरातीची खुर्ची टळली. पण मी खूश झालो असं कुणी समजू नये! अठ्ठावीस वर्षं लिहिणारा माणूस मी, आता माझ्याकडं काय उरलं? फोन करायचा, आणि ऐकलेलं यंत्राला सांगायचं. मी सरांना तोंडावर सुनावलं, "तुम्ही मला टेलिफोन ऑपरेटर करून ठेवलंत."

"व्हय," सर म्हणाले. "तेच वाचवायचं हुतं."

अभ्यास संपला, अहवाल झाला, तरी हा गृहस्थ रोज यायचा थांबेना. आता काय काम, विचारलं तर म्हणायचे, पुढचा लेख. वही उघडायचे नाहीत, स्टॉपवॉचही आणायचे नाहीत. शेजारच्या टेबलावरचा रिकामा फोन ओढायचे आणि म्हणायचे, "दोन नंबर मला द्या." मी द्यायचो. तेवढीच पीडा कमी. ते फोनवर काय बोलतात याकडं मी कधी लक्ष दिलं नाही. माझ्या फोनवर माझी माणसं असायची.

परवाची गोष्ट. तालुक्याच्या अंकाचं आमचं पान सातला छापायला सुटतं म्हणजे सुटतंच, गाडी उभी असते. साडेसहाला माझे चार फोन संपले. सरांना दोन दिले होते. एक झाला. दुसरा चंदगडकडच्या एका वाडीतला, सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याची बायको गेली होती, घरात दुसरं कुणी नाही. पावणेसात झाले. सर अजून फोनवर. सहा पन्नास. शुभांगी तिकडून हाका मारायला लागली, "काका, एवढी एकच बातमी राहिलीय, आटपा की!" माझा पारा चढला. काय माणूस आहे! दुसऱ्याच्या ऑफिसात फुकट येऊन बसायचं आणि वर पान लटकवायचं! आज सोडत नाही, म्हणून मी तरातरा त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यांना माझी चाहूल लागली नाही.

"शेजारणीनं भात आणून ठेवलाय न्हवं?" सर फोनवर बोलत होते. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मग वाईच म्होरं वढा ताट. न्हाय न्हाय, फोन ठिवू नका. बाजूला ठिवा, चालूच असू द्या. मी हितंच हाय... काय? घास जात न्हाय? आवो, मला म्हाईत हाय. आमी दोघंच भाऊ. लगीन दोघांनी बी केलं न्हाय. थोरल्यानं दारोदार दूध घालून मला शिकवलं. तो गेला तवा लोकं आली, नदीवरनं परत गेली, आनि घरात मी एकटा. दीस बुडताना पेपरातनं फोन आला. नाव-गाव इचारलं, आनि मग त्यो माणूस मला म्हणाला, सकाळपास्नं काय खाल्लंय का? दीसभर कुणी इचारलं न्हवतं ओ. मी न्हाय म्हटलं. तर म्हणला, दोन घास खावा, मी फोनवर थांबतो. मागनं कोनतरी वरडत हुतं त्येच्यावर, आटपा म्हणून. त्येनं न्हाय ठिवला फोन. मी भाकरी खाल्ली... न्हाय, नाव न्हाय इचारलं त्येचं. पर आवाज वळखतो मी."

शपथेवर सांगतो, मला काही आठवलं नाही. दूध घालणारा भाऊ नाही, भाकरी नाही, काही नाही. अठ्ठावीस वर्षांत रोजचे पाचसहा फोन, कुणाकुणाला काय काय विचारलं असेन मी. पण आमच्या पेपरातनं हे फोन करणारा दुसरा कुणी कधी नव्हता. आणि हा माणूस दोन महिने माझ्या शेजारी बसून माझा आवाज ऐकत होता, एका अक्षरानं बोलला नाही! मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"घेतला घास?" सर फोनमध्ये म्हणाले. "आता दुसरा घ्या."

तिकडून शुभांगी ओरडली, "काका, सात वाजले! सोडू का पान?"

"थांबव," मी म्हणालो.

"अहो, गाडी उभी आहे! मालकांना काय सांगू?"

"सांग, इंगळ्यांनी थांबवलंय. माणूस जेवायला बसलाय."